टाळूवरच्या वळ्या: नोंद कशी ठेवावी, ओळख पटवताना त्या कशा ताडून पाहाव्यात

जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टेकवा आणि हळूहळू मागे सरकवा. आधी एक छोटा उंचवटा लागेल, मग दोन्ही बाजूंना आडव्या, खडबडीत वळ्या. आता 'चमचा' म्हणा आणि लगेच 'चहा' म्हणा. 'चमचा'तल्या च ला जीभ दातांच्या मुळाशी राहते, 'चहा'तल्या च ला ती जरा मागे, या वळ्यांच्या पट्ट्यात जाते. दिवसभर जीभ त्यांच्यावरून फिरत असते, पण स्वतःच्या वळ्या कशा आहेत हे आपण कधी पाहिलेलं नसतं. आपल्या दाताच्या डॉक्टरांनी मात्र त्या पाहिलेल्या असतात. कवळी किंवा तारा बसवल्या असतील तर त्यांचं मापही (साच्यासारखा उलटा ठसा) घेतलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते काम संपल्यावर टाकून दिलेलं असतं.

या वळ्यांना दंतवैद्यकात रुगी म्हणतात आणि त्यांच्या ठेवणीवरून ओळख पटवण्याच्या पद्धतीला रुगोस्कोपी. मी दंत महाविद्यालयात ओरल पॅथॉलॉजी, म्हणजे तोंडाच्या आजारांचं शास्त्र, शिकवते. विद्यार्थी हा विषय परीक्षेपुरता पाठ करतात: कोणाचं वर्गीकरण, कोणतं साल. प्रत्यक्ष मॉडेल, म्हणजे मापात ओतून केलेली जबड्याची प्रतिकृती, हातात दिलं की पहिली वळी नेमकी कुठे सुरू होते यावरच वर्गात दोन तट पडतात. म्हणून हा लेख हाताने करायच्या कामाच्या क्रमाने लिहिला आहे. दवाखाना चालवणारे दंतवैद्य, इंटर्न आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर डोळ्यांपुढे ठेवले आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. मॉर्चुरीत कितीही नीट काम केलं, तरी ताडून पाहायला त्या माणसाचं जिवंतपणीचं काही हाती नसेल तर सगळं तिथेच अडतं. या कामाचा निम्मा भार दवाखान्यातल्या मॉडेलच्या कपाटावर आहे.

वळ्या कशा असतात, किती टिकतात

वरच्या मधल्या दोन दातांच्या लगेच मागे जो उंचवटा लागला तो इन्सिसिव्ह पॅपिला. तिथून टाळूच्या बरोबर मधून एक बारीक रेघ मागे जाते, ती मिडियन पॅलेटल राफे. पुढे मी तिला नुसती मध्यरेषा म्हणेन. वळ्या या रेषेच्या दोन्ही बाजूंना, टाळूच्या पुढच्या भागात असतात, साधारणपणे प्रत्येक बाजूला तीन ते पाच. डावी बाजू ही उजवीची आरशातली प्रतिमा नसते. ओळखीच्या कामात याचा फार उपयोग होतो, कारण एकाच टाळूत दोन स्वतंत्र नमुने मिळतात.

गर्भ बारा ते चौदा आठवड्यांचा होईपर्यंत वळ्या दिसू लागलेल्या असतात. पुढे तोंड वाढतं तशी त्यांची लांबी वाढते, दोन वळ्यांमधलं अंतर वाढतं, पण आकार आणि फाटे बहुतांशी तेच राहतात. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या वळ्यांमध्येही साम्य असतं, पण त्या हुबेहूब एक नसतात.

ओठ, गाल, जीभ, दात आणि वरचं हाड अशा वेढ्यात त्या सुरक्षित राहतात. चेहरा ओळखण्यापलीकडे भाजला तरी टाळू पुष्कळदा शाबूत असतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात, चेहराभर तिसऱ्या दर्जाचं भाजलेल्यांपैकी ९३ टक्के जणांच्या वळ्या नेहमीसारख्या आढळल्या. मृतदेहांमध्ये हे प्रमाण ७७ टक्के होतं. मात्र वळी म्हणजे त्वचेसारखाच मऊ भाग. खालच्या हाडावर तिची खूण उमटत नाही. नुसती कवटी समोर आली तर रुगोस्कोपी बाजूला ठेवायची. आपल्याकडच्या उकाड्यात मृतदेह झपाट्याने खराब होतो, त्यामुळे टाळूचे फोटो उद्यावर टाकू नयेत.

जिवंतपणीही काही गोष्टींनी फरक पडतो: तारांचे उपचार, विशेषतः दात काढून केलेले; टाळू रुंद करण्याचं उपकरण; अंगठा चोखण्याची जुनी सवय; दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया; मोठी जखम; वर्षानुवर्षं घातलेल्या कवळीचा दाब. तारांच्या उपचारात दात सरकले की वळ्यांची बाहेरची, म्हणजे दातांकडची टोकं त्यांच्यासोबत ओढली जातात. मध्यरेषेकडची टोकं त्या मानाने जागेवर राहतात, त्यातही तिसऱ्या वळीचं आतलं टोक सर्वांत भरवशाचं मानलं जातं. हे लक्षात ठेवा, ताडून पाहताना उपयोगी पडेल.

या वळ्यांचं पहिलं वर्णन विन्स्लो यांनी १७३२ मध्ये केलं. ओळखीसाठी त्या वापरता येतील असं हॅरिसन ॲलन यांनी १८८९ मध्ये सुचवलं. रुगोस्कोपी हा शब्द स्पेनच्या त्रोबो एर्मोसा यांनी १९३२ मध्ये रूढ केला. रोजच्या कामाला दोनच नावं लागतात, लायसेल आणि कपाली. त्यांच्याकडे पुढे येऊ.

ही पद्धत कधी हाती घ्यावी

इंटरपोल सामूहिक दुर्घटनांमध्ये ओळखीची तीन मुख्य साधनं मानतं: बोटांचे ठसे, दातांची तुलना आणि डीएनए. वळ्या यात स्वतंत्रपणे येत नाहीत. त्या दातांच्या तपासणीला आधार देतात. ज्याच्या तोंडात दात आहेत, फिलिंग आहे, रूट कॅनाल आहे, क्राउन आहे आणि या सगळ्याचे एक्स-रे मिळताहेत, तिथे वळ्यांमागे वेळ घालवण्याची गरज नसते.

त्यांची खरी जागा बोळक्या तोंडात आहे. दात नाहीत, फिलिंग नाही, हात जळाल्यामुळे ठसे नाहीत, आणि डीएनए ताडायला रक्ताचं नातेवाईक कोणी नाही किंवा अहवालाला वेळ आहे. अशा वेळी वृद्ध माणसाच्या तोंडात टाळू तेवढा शिल्लक असतो आणि घरी कपाटात कुठे तरी त्याची जुनी कवळी असते. थॉमस आणि व्हॅन विक यांनी १९८८ मध्ये असंच प्रकरण नोंदवलं आहे: पूर्ण जळालेला, दात नसलेला मृतदेह, आणि ओळख पटली ती जुन्या कवळीवरच्या वळ्यांच्या ठशांवरून. दुसरा गट तरुणांचा. त्यांचे दात धडधाकट, एकही फिलिंग नाही, पण शाळेत असताना तारा लावल्या होत्या. त्यांची मॉडेल एखाद्या ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे तारा लावणाऱ्या दंतवैद्याकडे, पडलेली असू शकतात.

पायरी पहिली: जिवंतपणीची चांगली नोंद

वरच्या जबड्याचं माप आपण रोज घेतो, पण आपलं लक्ष दातांवर असतं. टाळू आला तर आला. वळ्या नीट उतरण्यासाठी फार काही वेगळं करावं लागत नाही. ट्रे (मापाचं साहित्य भरायची तबकडी) घालण्याआधी टाळू गॉजने टिपून घ्या, कारण वळ्यांच्या खाचांत चिकट लाळ बसलेली असते आणि ती तशीच राहिली की मापात त्या जागा गुळगुळीत येतात. मग थोडं अल्जिनेट (तोंडात घट्ट होणारं मापाचं साहित्य) बोटावर घेऊन टाळूच्या पुढच्या भागावर चोळा आणि लगेच ट्रे बसवा. टाळू खोल असेल तर हवा अडकते ती इथेच. ट्रे दाबू नका, बसवा आणि नुसता धरून ठेवा. जोर दिला की वळ्या चपट्या होतात.

मापात बुडबुडा राहिला तर मॉडेलवर त्या जागी गोल गाठ येते. स्टोन, म्हणजे मॉडेल करायचं टणक प्लास्टर, ओतताना बुडबुडा राहिला तर मॉडेलला खड्डा पडतो. ही गाठ नवख्या नजरेला गोलाकार वळीसारखी दिसते. म्हणून माप आधी पाहा आणि बुडबुडा दिसला तर पुन्हा घ्या. अल्जिनेट दहा-पंधरा मिनिटांत ओता, साध्या प्लास्टरऐवजी डेंटल स्टोन वापरा, आणि ओतण्याआधी मापात साचलेलं पाणी झटकून टाका.

फोटो काढत असाल तर आरसा कोमट पाण्यात बुडवून घ्या, म्हणजे धुकं बसत नाही. पेशंटला नाकाने श्वास घ्यायला सांगा. टाळू हवेने वाळवा, नाहीतर ओल्या टाळूवर फ्लॅशचे पांढरे ठिपके येतात. रिंग फ्लॅशने सगळीकडे सारखा उजेड पडतो आणि वळ्या सपाट दिसतात. उजेड एका बाजूने आला की त्या उठून येतात. आरशातून घेतलेला फोटो उलटा असतो, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. तो सरळ करूनच साठवा आणि फाइलच्या नावात 'सरळ केलेला' असं लिहा. मूळ फोटोही वेगळा ठेवा.

तोंडातल्या स्कॅनरने काम करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. अलाइनरसाठी, म्हणजे तारांऐवजी घालायच्या पारदर्शक साच्यांसाठी, दातांची कमान स्कॅन करून टाळू सोडून दिला जातो किंवा फाइल हलकी करण्यासाठी छाटून टाकला जातो. टाळूवरून स्कॅनर फिरवायला थोडाच वेळ जास्त लागतो. पीएलवाय प्रकारच्या फाइलमध्ये आकारासोबत रंगही राहतो, ती ठेवता आली तर उत्तम. नाही तर फक्त आकार ठेवणारी एसटीएल फाइल तरी ठेवा. प्लास्टरच्या मॉडेलला जागा लागते ही अडचण मला मान्य आहे. मी स्वतः कपाटं रिकामी करताना गोण्या भरून मॉडेल बाहेर गेलेली पाहिली आहेत, आणि त्यातलं एकही पुन्हा कधी लागणार नाही असं कोणी सांगू शकलं नसतं. मॉडेल टाकायचीच असतील तर त्याआधी टाळूचा मोजपट्टीसकट फोटो काढून ठेवा.

कवळी करून देत असाल तर आणखी एक काम करा. पेशंटचं नाव किंवा नोंदणी क्रमांक बारीक कागदी पट्टीवर लिहून कवळीच्या मागच्या भागात पारदर्शक ॲक्रिलिकखाली बसवा. मग वळ्यांपर्यंत जाण्याची वेळच येणार नाही.

पायरी दुसरी: मॉडेल वाचणं

मूळ मॉडेलवर पेन्सिल कधीही टेकवायची नाही. आधी त्याचे फोटो, मग त्याची प्रत, आणि आखायचं ते प्रतीवर.

खोलीतला दिवा बंद करून टेबललॅम्प मॉडेलच्या पातळीला आणा, जवळजवळ आडवा. उजेड तिरका पडला की वळीच्या एका बाजूला सावली येते आणि तिचा माथा स्पष्ट होतो. दिवा तसाच धरून मॉडेल हळूहळू फिरवा. एका कोनातून न दिसलेली बारीक वळी दुसऱ्या कोनातून दिसते. भिंगाखाली, टोकदार पेन्सिलने, वळीच्या माथ्यावरून रेघ ओढा, कडेने ओढू नका. आधी पॅपिला आणि मध्यरेषा आखा, मग पुढून मागे एकेक वळी.

मी हे लिहिताना शिकवण्यासाठी ठेवलेलं, नाव झाकलेलं एक पिवळ्या स्टोनचं मॉडेल समोर घेतलं आहे. उजवीकडची पहिली वळी मध्यरेषेच्या जवळून निघते, नागमोडी जाते आणि दातांच्या दिशेने पुढे झुकते. कॅलिपरने टोकापासून टोकापर्यंत १० मिलिमीटर. दुसरी सरळ, आखूड. तिसरी चंद्रकोरीसारखी वाकून मागे उतरते. डावीकडे चित्रच वेगळं आहे. पहिली सरळ, पण दुसरी मध्यरेषेपाशी एकच निघून लगेच दोन फाट्यांत विभागलेली. आणि दुसरी-तिसरीच्या मधे एक अडीच मिलिमीटरचा तुकडा, तुटलेल्या भुवईसारखा. दिवा वर उचलला की हा तुकडा पूर्ण नाहीसा होतो, खाली आणला की परत येतो. या टाळूला ओळख देणाऱ्या गोष्टी दोन: डावीकडचा फाटा आणि हा तुकडा. सरळ आणि नागमोडी वळ्या पुष्कळांच्या असतात. फाटा या ठिकाणी, तुकडा त्या ठिकाणी, अशी जोडी सहसा दुसरीकडे भेटत नाही.

पायरी तिसरी: नोंद तक्त्यात उतरवणं

लांबीसाठी १९५५ चं लायसेल यांचं वर्गीकरण वापरा. ५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर प्राथमिक, ३ ते ५ मधली दुय्यम, २ ते ३ मधली तुकडा. २ मिलिमीटरपेक्षा लहान असेल ती मोजायची नाही. थॉमस आणि कोट्झे यांनी १९८३ मध्ये ही पद्धत आणखी तपशिलात नेली, पण नेहमीच्या कामाला इतकं पुरतं.

आकारासाठी १९९७ चं कपाली आणि सहकाऱ्यांचं वर्गीकरण सोपं आहे. आरंभापासून शेवटापर्यंत थेट जाते ती सरळ. चंद्रकोरीसारखी एकदाच वळते ती वक्र. वक्र असून टोकाशी पुन्हा वळण घेते ती नागमोडी. पूर्ण कडं करते ती गोलाकार. दोन वळ्या जोडलेल्या असतील तर त्या कुठे जोडल्या आहेत ते पाहा. मध्यरेषेकडे एकच उगम आणि पुढे दोन फाटे असतील तर अपसारी. वेगवेगळे उगम असून दातांकडे एकत्र येत असतील तर अभिसारी. गोंधळ सर्वांत जास्त होतो तो वक्र आणि नागमोडीमध्ये. माझा नियम असा: शंका असेल तर दोन्ही नावं लिहा, पण वळीचं रेखाचित्र शेजारी काढा. अक्षरांपेक्षा ते रेखाचित्र पुढे जास्त कामाला येतं.

दिशेसाठी मध्यरेषेला काटकोनात एक रेघ कल्पा. वळी त्या रेघेच्या पुढे झुकली तर पुढची, मागे झुकली तर मागची, तिच्यावरच असेल तर काटकोनी.

वळी वाकडी असली तरी लांबी दोन टोकांमधलं सरळ अंतर म्हणून घ्यायची की वळणासकट, हे आधी ठरवा आणि तक्त्याच्या माथ्यावर लिहा. कोणतीही पद्धत चालते. जिवंतपणीचं एका पद्धतीने आणि मृत्यूनंतरचं दुसरीने, असं मात्र चालत नाही.

आता एक सावधगिरी. वळ्यांवरून स्त्री की पुरुष, अमुक प्रदेशाचा की तमुक, हे सांगण्याचा प्रयत्न करणारे निबंध ढिगाने निघतात आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. अहवालात वळ्यांवरून लिंग किंवा समाज लिहू नका. तपासाची दिशा त्याने चुकू शकते.

पायरी चौथी: घरच्यांकडून काय मागायचं

नातेवाईक सुन्न असतात. त्यांना 'अँटीमॉर्टेम रेकॉर्ड आहे का' असं विचारलं की ते नाही म्हणतात. 'आजोबांची जुनी कवळी कुठे आहे?' असं विचारलं की स्टीलचा डबा बाहेर येतो. बरेच लोक नवी कवळी आली तरी जुनी टाकत नाहीत, 'असू दे, वेळेला' म्हणून ठेवतात. आणखी काय विचारायचं: एक-दोन दातांची प्लेट, तारा काढल्यानंतर रात्री घालायची ॲक्रिलिकची रिटेनर प्लेट, टाळूला छिद्र असेल तर ते बंद करणारा ऑब्च्युरेटर. टाळूला टेकणारं जे काही असेल त्यावर वळ्यांचा उलटा ठसा असतो. मग दाताच्या डॉक्टरांचं नाव, गाव, साधारण साल. नाव आठवत नसेल तर दवाखाना कुठल्या रस्त्यावर, कुठल्या मेडिकलच्या वर होता, एवढ्यावरूनही सापडतो.

घरातून आलेली कवळी लगेच धुऊ नका. ती वापरणाऱ्याचा डीएनए तिच्यावर असू शकतो. तपासी अंमलदाराला आधी विचारा, स्वॅब घ्यायचा असेल तर तो होऊ द्या, मग स्वच्छ करा.

कवळीची कोणती बाजू पाहायची यावर अनुभवी माणसंही फसतात. जिभेकडच्या चकचकीत बाजूवर काही तंत्रज्ञ उच्चार सुधारावे म्हणून तयार साच्यातल्या वळ्या उमटवतात. त्या पेशंटच्या नसतात. पाहायची ती टाळूला टेकणारी आतली बाजू. तिथेही रिलाइन केलं आहे का (आतून नवा थर दिला आहे का), वळ्यांच्या जागी खरवडून सैल केलं आहे का, ते पाहा. आणि ही बाजू म्हणजे उलटा ठसा असल्यामुळे पुढचा भाग वर धरला की पेशंटचा उजवा भाग आपल्या उजवीकडे येतो. मॉडेलवर तो आपल्या डावीकडे असतो. त्यामुळे कवळी आणि मॉडेल शेजारी ठेवून ताडू नका. आतल्या बाजूवर पातळ सिलिकॉन पसरा, त्यावर पुटी (जाडसर सिलिकॉन) भरा, घट्ट झालं की काढा. लवचीक असल्यामुळे कवळीला धक्का न लागता ते निघतं आणि हातात येतो तो टाळूचा सुलटा उठाव. स्टोन ओतला तर आतल्या खाचांत अडकून कवळीच तुटण्याची भीती असते.

दवाखान्याकडून मॉडेल घेताना पोलिसांचं लेखी पत्र द्यावं, डॉक्टरांनी पोच घ्यावी, आणि देण्याआधी फोटो व एक प्रत आपल्याकडे ठेवावी.

पायरी पाचवी: मृतदेहाची तपासणी

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या परवानगीने आणि त्यांच्यासमोरच हे काम करायचं. दोन थर हातमोजे, मास्क, चष्मा. आधी जसं आहे तसे फोटो, मग एक्स-रे, मग डीएनएसाठी जे घ्यायचं ते घेऊ द्या, आणि माप सर्वांत शेवटी. हा क्रम मोडला तर मापाच्या साहित्याने नमुना खराब झाला असा आक्षेप पुढे येऊ शकतो.

जबडा ताठरला असेल तर घाई करू नका. ताठरपणा आपसूक उतरतो. थांबणं शक्य नसेल तर दोन्ही बाजूंनी हळूहळू, सारखा जोर देऊन उघडायचा. जळालेल्या मृतदेहात पुढचे दात राखेसारखे ठिसूळ असतात, हात लागला की चुरा होतो. त्यांचे फोटो काढून आणि त्यांना पक्कं करूनच पुढे जा. नातेवाईक चेहरा पाहणार असतील तर तोंडाचे कोपरे कापण्याचा विचारही करू नका. तेवढ्या जागेतूनही लहान आरशाने टाळू दिसतो.

टाळूवर काजळी, रक्त, फेस असतो. ओल्या गॉजने टिपायचं, घासायचं नाही, कारण वरचं आवरण सुटलेलं असेल तर घासताना तेच निघून येईल आणि त्याबरोबर वळ्याही. मापासाठी सिलिकॉन चांगलं, ते फारसं आकसत नाही आणि पुढचे कित्येक दिवस टिकतं. फ्रीजमधून काढलेल्या मृतदेहात साहित्य घट्ट व्हायला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. वाटीत उरलेला गोळा बोटाने दाबून अंदाज घेऊ नका, तो खोलीच्या उष्णतेत असतो. तोंडातला अजून ओलाच असेल. ट्रेच्या कडेने बाहेर आलेलं साहित्य तपासा.

प्रत्येक मापावर मृत्यू नोंदीचा क्रमांक, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही. फोटोत मोजपट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी दिसलीच पाहिजे.

पायरी सहावी: ताडून पाहणं

जिवंतपणीचा तक्ता एकाने भरावा, मृत्यूनंतरचा दुसऱ्याने, आणि दोघांनी एकमेकांचं काम झाल्याशिवाय पाहू नये. समोर एक चित्र असलं की डोळा दुसऱ्यात तेच शोधतो. दुसरा माणूस मिळत नसेल तर एक तक्ता भरून झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुसरा भरा.

मग दोन्ही चित्रं एकाच मापाची करून शेजारी ठेवा. आधी खात्री करा की दोन्ही सरळ आहेत, आरशातली नाहीत. पॅपिला आणि मध्यरेषा एकावर एक आणा. सुरुवात आतल्या टोकांपासून करा, तिसऱ्या वळीच्या आतल्या टोकाला महत्त्व द्या. नंतर संख्या, नंतर आकार, आणि सर्वांत जास्त वेळ फाटे, जोड, तुकडे यांवर.

फरक मिळतीलच. प्रत्येक फरकाला विचारायचा प्रश्न एकच: याचं कारण सांगता येतं का? जिवंतपणीचं मॉडेल बाराव्या वर्षीचं असेल तर लांबीत फरक असणारच. तारांचे उपचार झाले असतील तर बाहेरची टोकं हललेली असणार. कवळी वीस वर्षांची असेल तर वळ्या बसक्या झालेल्या असणार. पण जुन्या मॉडेलवर डावीकडे ठळक फाटा आहे आणि मृतदेहाच्या टाळूवर तिथे शाबूत, एकेरी, सरळ वळी आहे, तर त्याचं कारण सांगता येत नाही. अशी एक गोष्ट दहा साम्यांवर भारी पडते. नाकारण्याच्या कामात वळ्यांचा भरवसा स्वीकारण्यापेक्षा जास्त आहे, असं माझं मत आहे. चुकीच्या घरी चुकीचा मृतदेह जाण्यापासून थांबवणं हीही मोठी गोष्ट आहे.

पायरी सातवी: अहवाल

निष्कर्षासाठी न्यायवैद्यक दंतशास्त्रात चार शब्दप्रयोग रूढ आहेत: ओळख निश्चित, ओळख शक्य, पुरावा अपुरा, आणि ओळख नाकारली. नुसत्या वळ्यांवर 'निश्चित' लिहायला मी धजावत नाही. साम्य उत्तम असेल तर 'ओळख शक्य' लिहावं आणि बाकीचा पुरावा शेजारी मांडावा: कवळी तोंडात नीट बसते का, जबड्याचा आकार, वय, घरच्यांनी सांगितलेल्या खुणा, डीएनए अहवाल. अहवालाची भाषा अशी असावी: 'नातेवाईकांनी दिलेल्या वरच्या कवळीच्या आतल्या बाजूचा उठाव आणि अनोळखी मृतदेहाच्या टाळूचं मॉडेल यांत उजव्या बाजूच्या चार व डाव्या बाजूच्या तीन वळ्यांचा क्रम, आकार आणि जोड यांत साम्य आढळलं. स्पष्टीकरण देता न येणारा फरक आढळला नाही.' किती वळ्या पाहिल्या, किती दिसल्या नाहीत, का दिसल्या नाहीत, हे सगळं आलं पाहिजे.

हा अहवाल तज्ज्ञाचं मत म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ खाली न्यायालयात येतो. १ जुलै २०२४ पासून हा अधिनियम लागू आहे, त्याआधी हेच जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये होतं. डिजिटल फोटो आणि स्कॅन सादर करायचे असतील तर कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून फाइल कोणत्या यंत्रावरून, कोणी, कधी काढली याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. उलटतपासणीत 'दोन माणसांच्या वळ्या अगदी सारख्या असूच शकत नाहीत का?' असं विचारलं जाईल. प्रामाणिक उत्तर असं की सारख्या आढळण्याची शक्यता फार कमी आहे, पण बोटांच्या ठशांइतका मोठा, वर्षानुवर्षं तपासलेला संग्रह वळ्यांचा नाही. हे उत्तर देताना कचरू नका.

कवळी मुद्देमालात जमा झाली की घरच्यांना ती लवकर परत मिळत नाही, आणि काहींना ती अंत्यसंस्काराआधी मृतदेहासोबत ठेवायची असते. म्हणून सिलिकॉनचे उठाव दोन करा, सगळ्या बाजूंचे फोटो मोजपट्टीसकट काढा आणि तपासी अंमलदाराला लेखी कळवा की तुलनेसाठी मूळ कवळीची आता गरज नाही. परवानगी आली की ती धुऊन, पुसून, ज्या स्टीलच्या डब्यातून आली त्याच डब्यात घालून घरच्यांच्या हातात द्या.